मोटारगाडीची मुख्य कळ

उन्हाळ्याची सुट्टी संपते आणि जूनमध्ये शाळा उघडते. शाळेची बस दीड-दोन महिने शेडमध्ये उभी असते. चालक जागेवर बसतो, चावी फिरवतो, आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. दिवे लावून पाहावेत तर तेही मिणमिणतात. ‘बॅटरी उतरली’ असे म्हणत मग चार जण धक्का मारायला लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, गाडी तर बंद होती. चावीही काढलेली होती. मग बॅटरीतील वीज गेली कोठे? आणि ती जाऊ नये म्हणून काय करता येईल? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे आहे. घराला जसा मेन स्विच असतो, तसा गाडीलाही बसवावा. त्याला गॅरेजमध्ये ‘बॅटरी कट-ऑफ’ असे म्हणतात. पण ही साधी कळ कोणत्या बाजूला बसवावी, केवढी असावी आणि केव्हा उघडू नये, हे ठरवताना तुम्ही वर्गात शिकलेला ओहमचा नियम, विजेचा उष्णताजनक परिणाम आणि फॅरडेचे प्रवर्तन हे सारे उपयोगी पडते. ते कसे, हे आज आपण पाहू.

वीज गेली कोठे?

चावी काढली म्हणजे गाडीतील सर्व विद्युत मंडले बंद होतात, अशी आपली समजूत असते. परंतु घड्याळ, रेडिओची स्मृती, चोरघंटा, इंजिनावर देखरेख करणारा छोटा संगणक, बस कोठे आहे ते कळवणारे यंत्र, अशी काही उपकरणे चावीच्या आधीच बॅटरीला जोडलेली असतात. ती रात्रंदिवस थोडा थोडा प्रवाह घेतात.

समजा, हा प्रवाह सारा मिळून ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०५ अँपिअर आहे. एका दिवसाचे २४ तास. म्हणून दिवसाला ०.०५ × २४ = १.२ अँपिअर-तास इतकी वीज खर्च होईल. ६० दिवसांत हा खर्च ७२ अँपिअर-तास होतो. बसची बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल, तर सुट्टीअखेर तिच्यात जेमतेम २८ अँपिअर-तास उरतील. एवढ्यावर घड्याळ चालेल, पण इंजिन फिरवणारी मोटर, म्हणजे चालक ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात ती, चालणार नाही. तळे एका दिवसात आटत नाही. पण बांधाला एक छोटे भोक असले तर उन्हाळा संपेपर्यंत ते कोरडे पडते. तसाच हा प्रकार आहे.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. गाडीची बॅटरी बहुधा शिसे-आम्ल प्रकारची असते. हा प्रकार फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लाँते यांनी १८५९ साली शोधून काढला. तिच्यात सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून सहांचे मिळून १२.६ व्होल्ट. घटातील एक पट्टी शिशाची व दुसरी लेड डायऑक्साइडची असते आणि दोन्ही विरल गंधकाम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी वीज देऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच पुन्हा भारण केले, तर हे सल्फेट विरघळून पट्ट्या पूर्ववत होतात. परंतु बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे व कठीण होतात. मग कितीही भारण केले तरी ते पुरते जात नाहीत. बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि कित्येक हजार रुपयांची वस्तू अवेळी भंगारात जाते.

एक तार आणि लोखंडी सांगाडा

घरातील दिव्याला दोन तारा असतात, हे तुम्ही पाहिले आहे. गाडीच्या दिव्याला मात्र बहुधा एकच तार बॅटरीपासून येते. मग मंडल पूर्ण कसे होते? बॅटरीचे ऋण टोक एका जाड केबलने गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे चॅसिसला जोडलेले असते. दिव्याचे दुसरे टोकही जवळच सांगाड्यालाच जोडतात. प्रवाह धन टोकाकडून तारेने दिव्यापर्यंत येतो आणि सांगाड्यातून बॅटरीकडे परत जातो. यालाच ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. यामुळे निम्म्या तारा वाचतात.

पण याच सोयीत एक धोका आहे. सर्व गाडीभर पसरलेला सांगाडा हा बॅटरीच्या ऋण टोकाचाच विस्तार असतो. धन बाजूची कोणतीही तार घासून उघडी पडली व सांगाड्याला टेकली, की मंडल मधेच पूर्ण होते. याला लघुमंडल किंवा ‘शॉर्ट’ म्हणतात. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध फार थोडा, ०.०१ ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ओहमच्या नियमाप्रमाणे १२ भागिले ०.०१, म्हणजे १२०० अँपिअर प्रवाह वाहू शकतो! तारेवर फ्यूज असेल तर तो वितळून प्रवाह थांबतो. पण बॅटरीपासून सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलवर बहुधा फ्यूज नसतो. तेथे शॉर्ट झाला, तर आवरण पेटते आणि काही क्षणांत आग लागू शकते.

१२ व्होल्टचा धक्का कोरड्या हाताला बसत नाही, म्हणून पुष्कळांना बॅटरी निरुपद्रवी वाटते. कातडीचा रोध हजारो ओहम असल्याने शरीरातून प्रवाह जवळजवळ वाहत नाही, हे खरे. परंतु बोटातील अंगठी किंवा मनगटावरील धातूचा पट्टा जर पाना व सांगाडा यांच्या मधे सापडला, तर तो क्षणात तापून लाल होतो आणि खोलवर भाजते. म्हणून बॅटरीजवळ काम करताना अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवायचे, हा पहिला नियम.

कळ कोणत्या बाजूला?

आता मुख्य प्रश्न. कळ धन केबलमध्ये बसवावी की ऋण केबलमध्ये? मंडल कोठेही तोडले तरी प्रवाह थांबतो, हे तुम्ही लगेच सांगाल. ते बरोबरच आहे. तरीही सर्वसाधारण गाडीत ऋण बाजू अधिक सोयीची ठरते. का बरे? उत्तर वाचण्यापूर्वी पुढील प्रयोग करून पाहा.

साहित्य: विजेरीचे दोन सेल, विजेरीचे दोन छोटे दिवे, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, तारेचे तुकडे, पत्र्याच्या पट्टीची एक साधी कळ.

डब्याचा रंग दोन-तीन ठिकाणी पॉलिश पेपरने खरवडा. हा डबा म्हणजे आपल्या गाडीचा सांगाडा. दोन सेल एकसरीत ठेवून त्यांचे ऋण टोक कळीमार्गे डब्याला जोडा. धन टोकापासून एक तार पहिल्या दिव्याला आणा आणि दिव्याचे दुसरे टोक डब्याला जोडा. कळ लावताच दिवा लागेल. आता दुसऱ्या दिव्याची एक तार सेलच्या धन टोकाला पक्की बांधा व दुसरी मोकळी सोडा. हा दिवा म्हणजे मेकॅनिकच्या हातून निसटलेला पाना. मोकळी तार डब्याला टेकवा. दिवा पेटेल. खऱ्या गाडीत याच ठिकाणी मोठी ठिणगी उडाली असती.

कळ बंद करा. पहिला दिवा विझेल. पुन्हा मोकळी तार डब्याला टेकवा. या वेळी काहीच होणार नाही.

आता कळ ऋण बाजूची काढून धन बाजूला, म्हणजे सेलचे धन टोक व पहिला दिवा यांच्या मधे बसवा. ऋण टोक थेट डब्याला जोडा. कळ बंद करा. पहिला दिवा विझलेला आहे. पण दुसऱ्या दिव्याची मोकळी तार डब्याला टेकवताच तो पेटतो!

कारण उघड आहे. कळ धन बाजूला असली की बॅटरीपासून कळीपर्यंतचा भाग जिवंतच राहतो. ऋण बाजूला असली की सांगाड्याचा बॅटरीशी संबंधच तुटतो. मग धन टोक सांगाड्याला चुकून लागले तरी मंडल पूर्ण होत नाही. बॅटरी काढताना आधी ऋण केबल सोडवावी व बसवताना ती शेवटी लावावी, हा गॅरेजमधील जुना नियमही याच कारणाने आला आहे.

यात एक अपवाद ध्यानात ठेवावा. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीत सारे उलटे होईल. म्हणून केबलच्या रंगावर विसंबू नये. बॅटरीवरील अधिक-उणे खुणा पाहून कोणते टोक सांगाड्याला जाते याची खात्री करून घ्यावी.

कळ केवढी असावी?

घरातील २३० व्होल्टची कळ १२ व्होल्टच्या गाडीला सहज पुरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण येथे व्होल्ट मोजायचे नसून अँपिअर मोजायचे आहेत. घरातील कळ ६ किंवा १६ अँपिअरसाठी केलेली असते. डिझेल इंजिनाचा सेल्फ काही सेकंदांसाठी २०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. शिवाय घरची वीज प्रत्यावर्ती असते. तिचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कळ उघडताना उडणारी ठिणगी लवकर विझते. बॅटरीचा प्रवाह एकदिश असल्याने ठिणगीला असा विसावा मिळत नाही.

कळीच्या आतील स्पर्शबिंदूंचा रोध किती महत्त्वाचा आहे, ते पाहा. चांगल्या कळीत तो ०.००१ ओहम आहे असे समजू. २०० अँपिअर वाहताना तिच्यावर २०० × ०.००१ = ०.२ व्होल्ट खर्च होतील आणि २०० × २०० × ०.००१ = ४० वॅट उष्णता निर्माण होईल. सेल्फ दोन-चार सेकंदच चालतो, त्यामुळे एवढे चालते. पण स्पर्शबिंदू गंजले किंवा नट सैल राहिला व रोध ०.०१ ओहम झाला, तर? बाराच्या दोन व्होल्ट तेथेच जातील आणि सुमारे ४०० वॅट उष्णता, म्हणजे इस्त्रीच्या निम्मी, एका लहानशा कळीत तयार होईल. प्रत्यक्षात प्रवाह थोडा कमी होईल, पण सेल्फ मंदावेल आणि कळीचे प्लास्टिक वितळू लागेल.

केबलचेही तसेच. ५० चौरस मिलिमीटर छेदाच्या, १ मीटर लांब तांब्याच्या केबलचा रोध सुमारे ०.०००३५ ओहम असतो. तिच्याऐवजी कोणी ६ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर रोध आठपटींहून अधिक वाढतो. म्हणून नव्या केबलचा तुकडा मूळ केबलइतकाच जाड, शक्य तर अधिक जाड असावा.

कळीवर दोन आकडे छापलेले असतात: सतत किती प्रवाह चालेल आणि काही सेकंदांसाठी किती चालेल. दुसरा आकडा सेल्फच्या प्रवाहापेक्षा पुष्कळ मोठा असलेलीच कळ घ्यावी.

बसवण्याचा क्रम

हे काम जाणत्या मेकॅनिकनेच करावे. तुम्ही शेजारी उभे राहून प्रत्येक पायरीचे कारण शोधावे.

१. गाडीची माहितीपुस्तिका आधी वाचावी. काही नव्या गाड्यांत ऋण टोकावरच प्रवाह मोजणारे छोटे यंत्र असते. ते मधेच तोडून चालत नाही.

२. इंजिन बंद करून चावी काढावी व थोडा वेळ थांबावे. बॅटरीच्या भारणात हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून जागा हवेशीर असावी, विडी-काडी जवळ नसावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

३. ऋण केबल सोडवून बाजूला बांधून ठेवावी.

४. कळीसाठी बॅटरीजवळची, पण चटकन हात पोचेल अशी जागा निवडावी. इंधनाची नळी व तापणारा धुराडा यांपासून ती दूर असावी आणि तेथे चिखल-पाणी उडू नये.

५. बॅटरीच्या ऋण टोकापासून कळीच्या एका खिळीपर्यंत नवा जाड तुकडा लावावा. सांगाड्याकडे जाणारी मूळ केबल दुसऱ्या खिळीला जोडावी. केबलच्या टोकांना तांब्याची थिंबले यंत्राने दाबून बसवावीत. तारा नुसत्या पिळून गुंडाळू नयेत.

६. स्पर्शपृष्ठे पॉलिश पेपरने चकचकीत करावीत, नट घट्ट आवळावेत आणि वरून व्हॅसलीन लावावे, म्हणजे आम्लाची वाफ व दमट हवा लागून ती गंजत नाहीत.

७. बॅटरीचे ऋण टोक सर्वांत शेवटी जोडावे आणि त्या वेळी कळ बंद स्थितीत असावी. मग टोकापाशी ठिणगी उडत नाही. जी काही उडायची ती पुढे कळीच्या आत, बॅटरीपासून दूर उडते.

आता तपासणी. कळ बंद करून हॉर्न दाबावा. तो वाजला, तर ऋण टोकाला आणखी एखादी तार थेट जोडलेली असून ती कळीला वळसा घालून जाते आहे, असे समजावे. अशी तार शोधून सांगाड्याच्या बाजूला न्यावी. मग कळ लावून इंजिन चार-पाच वेळा सुरू करावे व बंद करून कळीला हात लावून पाहावा. ती गरम लागली, तर कोठेतरी जोड सैल आहे.

घड्याळ, रेडिओ वगैरेंची स्मृती टिकवायची असेल, तर कळीच्या दोन खिळ्यांना समांतर एक बारीक तार जोडून तिच्यात ५ अँपिअरचा फ्यूज घालतात. कळ बंद असताना कोणी चुकून सेल्फ मारला, तर तार जळण्याऐवजी फ्यूज जातो. मात्र या वाटेने थोडा प्रवाह वाहतच राहतो, हे विसरू नये. दोन महिने उभ्या राहणाऱ्या बसला असा आडमार्ग ठेवू नये.

इंजिन चालू असताना कळ उघडू नका

इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे गाडीचे जनित्र, बॅटरीत वीज भरत असते. त्याच्या वेटोळ्यांत भोवतीचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असते आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे विभवांतर निर्माण होते. बॅटरी हा या साऱ्या व्यवस्थेचा मोठा आधार असतो. धरणाच्या जलाशयाप्रमाणे ती चढउतार पोटात घेते. तीच एकाएकी तोडली, तर जनित्राचा मोठा प्रवाह अडतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र मात्र तत्क्षणी कमी होत नाही. परिणामी १४ व्होल्टच्या जागी क्षणभर शंभर व्होल्टपर्यंत विभवांतर चढू शकते. त्यात अल्टरनेटरचे डायोड व गाडीतील संगणक जळून जाण्याची भीती असते.

शिवाय अशाने इंजिन बंद पडेलच असे नाही. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनात इंधन दाबामुळे तापलेल्या हवेत पेटते. त्याला ठिणगी लागत नाही. पेट्रोल इंजिनही अल्टरनेटरच्या विजेवर चालू राहू शकते. म्हणून शर्यतीच्या मोटारींतील कळ बॅटरीबरोबर इंजिनही बंद पाडेल अशी करावी लागते. अपघातानंतर बाहेरच्या माणसाला ती चटकन सापडावी, यासाठी पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात तांबडी वीज अशी तिची खूण ठरलेली आहे. युरोपात ज्वालाग्राही द्रव वाहणाऱ्या टँकरांनाही मुख्य कळ लागते. उलटलेल्या टँकरजवळ एक ठिणगीसुद्धा परवडत नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. त्यानंतरच्या अनेक मोठ्या डिझेल गाड्यांत धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण फवारतात. इंजिन थांबल्यावर एक लहान पंप नळीतील उरलेले द्रावण टाकीत परत ओढतो. तेवढ्यात मुख्य कळ बंद केली, तर द्रावण नळीतच राहून युरियाचे स्फटिक होतात व नळी तुंबते. म्हणून अशा गाडीत चावी काढल्यावर पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच कळ बंद करावी. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या केबलना तर हातच लावू नये. तेथील काम खास प्रशिक्षित माणसांचे आहे.

आणखी एक गोष्ट. मुख्य कळ बंद केली तरी बॅटरी आतल्या आत थोडी उतरतेच आणि उष्ण हवेत हे अधिक वेगाने होते. म्हणून लांब सुट्टीत महिन्यातून एकदा तिचे भारण करून घ्यावे. पूर्ण भारित बॅटरीतील आम्लाची विशिष्ट घनता सुमारे १.२५ ते १.२८ असते. बॅटरी उतरली की ती कमी होते, कारण आम्ल खर्च होऊन पाणी तयार होते.

विचार करा

१. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी असलेल्या मोटारीत बंद स्थितीतही २५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. बॅटरी निम्मी उतरायला किती दिवस लागतील? (उत्तर: सुमारे ३७ दिवस.)

२. मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट मिळवतात. तिला मुख्य कळी किती लागतील, एक की दोन? आकृती काढून सांगा.

३. बॅटरी बसवताना एखाद्याने ऋण केबल आधी लावली व धन टोकाचा नट आवळताना पाना सांगाड्याला टेकला. प्रवाहाचा मार्ग आकृतीत दाखवा.

शिक्षकांस विनंती: वरील डब्याचा प्रयोग एका तासात सहज होतो. त्यानंतर शाळेच्या बसची बॅटरी, सांगाड्याची केबल आणि असल्यास मुख्य कळ, ही मुलांना चालकाकडून लांबूनच दाखवावी. बसला अशी कळ नसेल, तर पुढच्या सुट्टीआधी ती बसवून घेण्याचा विषय शाळेत अवश्य काढावा.